मुलें, मोटार आणि मेक्सिकोचा किनारा

मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्यानें आम्ही मोटारीनें प्रवास करणार आहों, असें पुण्यास कळविलें, तेव्हां घरच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून एकच प्रश्न दोन तुकड्यांत आला. "एवढ्याशा पोरांना त्यांतलें कळणार काय, आणि लक्षांत राहणार काय?" यांपैकीं दुसऱ्या तुकड्याला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. धाकटा तेव्हां नुकताच चार वर्षांचा झाला होता. आज त्याला विचारलें तर त्या दहा दिवसांतलें तो एवढेंच सांगतो कीं, रस्त्यांत फार उंचवटे होते आणि एका मगरीनें आपल्याकडे पाहिलें. परंतु पहिला तुकडा, "कळणार काय?", हा मात्र माझ्या मनांत घर करून राहिला; आणि आज मी मुख्यत्वेंकरून त्याविषयींच बोलणार आहें.

माझ्या यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षें मेक्सिको शहरांत राहत होतों. मुलगी सात वर्षांची, तिथल्याच शाळेंत जाणारी, त्यामुळें स्पॅनिश भाषा आम्हां दोघांपेक्षां तिला अधिक अवगत. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर शाळेचे कांहीं दिवस बुडवून आम्ही निघालों. मेक्सिकोला किनारा थोडाथोडका नाहीं. अकरा हजार किलोमीटरांहून अधिक आहे. पूर्वेस मेक्सिकोचें आखात आणि कॅरिबियन समुद्र, पश्चिमेस व दक्षिणेस पॅसिफिक महासागर. जगांतले बहुतेक प्रवासी कॅरिबियनच्या बाजूस कान्कुनला जातात. तेथील हॉटेलें इतकीं सर्वांगपरिपूर्ण आहेत कीं, त्यांतून बाहेर पडून मेक्सिको पाहण्याचें कांहीं कारणच उरत नाहीं! राजधानीला जवळचा प्रसिद्ध किनारा म्हणजे आकापुल्को. परंतु २५ ऑक्टोबर २०२३ रोजीं 'ओतिस' नांवाच्या वादळानें त्या शहराची दाणादाण उडविली होती, आणि तो गेर्रेरो प्रांत एरवींही अशांतच. मुलें बरोबर असतांना धाडसाची परीक्षा पाहूं नये, या मताची मी आहें. म्हणून आम्ही त्याच्या पूर्वेचा प्रांत निवडला. नकाशावर त्याचें नांव ज्या अक्षरांनीं लिहितात, त्यांवरून उच्चार ओळखण्याची कोणाची छाती होणार नाहीं. तेथील लोक त्याला वाहाका म्हणतात.

वाहाका हेंच त्या प्रांताच्या राजधानीचेंही नांव. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार मीटर उंचीवर आहे, आणि शहर व समुद्र यांच्यामध्यें दक्षिण सिएर्रा माद्रे पर्वताची रांग आडवी पसरली आहे. देशावरून घाट उतरून कोंकणांत जावें, तसाच हा प्रकार. फक्त आपला घाट तासाभरांत संपतो आणि हा संपतां संपत नाहीं. जुन्या रस्त्यानें सहा-सात तास वळणें घेत जावें लागे, आणि पोटांतलें पोटांत राहील याचा भरंवसा नसे. कित्येक वर्षें रखडलेला १०४ किलोमीटरांचा नवा रस्ता ४ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुला झाला; तेव्हांपासून सुमारें तीन तासांत खालीं उतरतां येतें. प्रथम देवदाराच्या जातीचीं झाडें, मग कॉफीचे मळे, मग केळीं, आणि शेवटीं माड. माड दिसूं लागतांच धाकट्यानें विचारलें, "आई, रत्नागिरी आली?"

रस्ता कितीही नवा असो, गांव आलें कीं 'तोपे' आलाच. तोपे म्हणजे वाहनांची गति रोखण्यासाठीं रस्त्यांत घातलेला आडवा उंचवटा. कांहीं रंगविलेले, कांहीं बिनरंगाचे, आणि कांहीं तर नुसता जाड दोरखंड आडवा टाकून गांवकऱ्यांनीं केलेले. मोटार जेथें हळू होते तेथें विक्रेता उभा, हें ओघानेंच आलें. शेंगदाणे, शहाळीं, मीठ-मिरची लावलेल्या आंब्याच्या फोडी, सारें खिडकीशीं हजर. "अजून किती राहिलें?" या बालप्रश्नावर आम्हांला याच तोप्यांनीं तोडगा दिला. मुलीनें ते मोजावयाचे आणि धाकट्यानें प्रत्येक वेळीं "तोपे!" म्हणून ओरडावयाचें. एका दिवसांत एकशें बारा भरले. दुसरा आमचा नियम असा कीं, सूर्य मावळल्यावर मोटार चालवावयाची नाहीं. तेथें रात्रीं रस्त्यावर गुरें बसलेलीं असतात, माणसें काठाकाठानें चालत असतात, आणि बिनरंगाचा तोपे दिव्याच्या उजेडांत दिसतो तो चाक त्यावर चढल्यानंतर. मोठ्या माणसांच्या हिशेबानें दिवसाला दीडशें किलोमीटर म्हणजे कांहींच नव्हे. मुलांच्या हिशेबानें तें पुष्कळ झालें.

या प्रांतांत प्रवाशाची आणखी एक गांठ ठरलेली असते. तिला तेथें 'ब्लोकेओ' म्हणतात, आपल्याकडील रस्ता-रोको. एखाद्या गांवाला सरकारपर्यंत तक्रार पोंचवावयाची असली कीं तें गांव हमरस्त्यावर येऊन बसतें. आमच्या वाट्याला तो तिसऱ्या दिवशीं आला. रस्त्यांत एक मालमोटार आडवी, तिच्यापुढें दोरी, आणि दोरीपुढें खुर्च्या मांडून बसलेले बायका-पुरुष. गांवाला नळाचें पाणी मिळत नव्हतें. तीन तास थांबलों. धाकटा गांवांतल्या पोरांबरोबर गोट्या खेळूं लागला; गोट्यांना भाषा लागत नाहीं. मुलगी मात्र मोटारींत घुश्शांत बसली. "आई, हे लोक वाईट आहेत का? त्यांनीं आपल्याला अडवलें!" मीं तिला सांगितलें कीं, आपण न अडलों असतों तर या गांवाला पाणी नाहीं हें आपल्याला कधींच कळलें नसतें. ती विचारांत पडली. मग उतरून दोरीजवळच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे गेली आणि आमच्या मोटारींतला पिण्याच्या पाण्याचा भला मोठा कॅन तिनें त्यांना देऊं केला. त्यांनीं टोपी काढून तिचे आभार मानले आणि म्हणाले, "हें पाणी तुझ्या भावासाठीं ठेव, बाळ. आमची तहान एका कॅननें भागणारी नाहीं." सत्याग्रहावरचें एवढें नेमकें भाषण मीं तरी दुसरें ऐकलें नाहीं.

त्या कॅनवरून पाण्याचा विषय निघालाच आहे, तर भगिनींसाठीं दोन शब्द सांगून टाकतें. मेक्सिकोंत नळाचें पाणी कोणी पीत नाहीं, तेथील लोकही नाहीं. वीस लिटरचा शुद्ध पाण्याचा कॅन गल्लीगल्लींत मिळतो. मुलांचे दांत घासावयाससुद्धां तोच वापरावा. जेवणाची चिंता त्या मानानें थोडी. भात, घेवड्याची उसळ, अंडीं आणि मक्याची तोर्तिया हें सर्वत्र मिळतें, आणि तिखट बहुधा वेगळ्या वाटींत येतें. वाहाकाचें चीज दोऱ्याच्या गुंडीसारखें गुंडाळलेलें असतें. तें उलगडीत बसण्यांत धाकट्याचीं दोन जेवणें निर्विघ्न पार पडलीं. तोर्तिया ही आपल्या भाकरीची मावसबहीण. मात्र पीठ करण्यापूर्वीं ते लोक मका चुन्याच्या पाण्यांत शिजवितात. त्यायोगें दाण्यांतलें एक जीवनसत्त्व अंगीं लागण्याजोगें मोकळें होतें. मका युरोपांत गेला, पण ही युक्ति त्याबरोबर गेली नाहीं. आणि केवळ मक्यावर जगणारे गरीब लोक तेथें पेलाग्रा नांवाच्या रोगानें पिढ्यान् पिढ्या हैराण झाले. मक्याचें नांव निघालें कीं मराठी माणसाला तेथें एक अभिमानाची गोष्ट सांगतां येते. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनीं या शतकापूर्वींच्या विसाव्या शतकांत, १९२० नंतरच्या दशकांत, मेक्सिकोंत आश्रय घेतला. चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत ते प्राध्यापक झाले आणि त्यांनीं मक्याच्या जातींवर संशोधन केलें. दिएगो रिवेरा या प्रख्यात चित्रकारानें राजधानींतील शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना चितारून ठेवलें आहे.

फळांच्या बाबतींत तर कोणी कोणाला काय दिलें याचा हिशेबच लागत नाहीं. पेरू, पपई, सीताफळ, अननस, मिरची, टोमॅटो हीं सर्व अमेरिका खंडाचीं. आपल्याकडे तीं पोर्तुगीज काळापासून आलीं. चिकूनें तर आपलें नांवही तिकडूनच आणलें आहे. उलट चिंच आणि आंबा हे आपल्या बाजूचे, आणि आज तेथें चिंचेचें सरबत घरोघर. मुलांना या इतिहासाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांना परदेशांत ओळखीचा चिकू भेटला, एवढ्यानेंच तीं हरखलीं.

किनाऱ्यावरचा आमचा पहिला मोठा मुक्काम पुएर्तो एस्कोन्दिदो, म्हणजे 'दडलेलें बंदर'. एके काळीं येथून कॉफी जहाजांत चढत असे. आतां सिकातेला नांवाच्या येथील पुळणीवर जगांतले लाटांवर फळ्या घेऊन स्वार होणारे तरुण येतात. त्या लाटा दुरूनच पाहाव्या. त्यांचा आवाज असा कीं, धाकट्यानें तेथें माझा पदर सोडला नाहीं. मुलांनीं पाण्यांत खेळावयाचें तें कारीसालियो या छोट्या उपसागरांत; दीडशेंहून अधिक पायऱ्या उतरून जावें लागतें, आणि परततांना त्या पायऱ्या एका मुलासह चढाव्या लागतात, हेंही सांगून ठेवतें. समुद्राकडे पाठ करून उभें राहावयाचें नाहीं, हा एकच नियम मीं मुलांना शिकविला.

आणि आतां मी १ नोव्हेंबरच्या दिवसाकडे येतें. त्या वर्षीं त्याच दिवशीं आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतें, आणि मेक्सिकोंत १ व २ नोव्हेंबर हे मृतांचे दिवस. पहिला दिवस मृत बालकांचा, दुसरा मोठ्यांचा. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण यावी असा हा सण आहे. परंतु आपली पितरें दर्भ आणि मंत्र यांतून येतात, तेथील पितर फुलांच्या वाटेनें घरांत येतात. राजधानींत या दिवसांत जी सांगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघते, ती २०१६ पासूनची. एका इंग्रजी बोलपटांत तसें दृश्य दाखविलें, त्यावरून घेतलेली. घरांतली पूजा तिच्याहून कितीतरी जुनी.

आम्ही ज्या घरीं उतरलों होतों, त्याची मालकीण साठीच्या घरांतली विधवा. शेजारीपाजारी तिच्या नांवामागें 'डोन्या' लावीत. आपल्या 'बाईं'सारखाच तो मानाचा शब्द. तिनें ओसरीवर पूजा मांडली होती. ऊंसाची कमान, तिला झेंडूच्या माळा, पायऱ्यापायऱ्यांवर पांव, फळें, मेणबत्त्या, खालीं कोपाल नांवाच्या धुपाचा धूर, आणि दारापासून थेट तेथपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. झेंडू मूळचा याच देशाचा. धाकट्यानें तो सारा थाट पाहिला आणि विचारलें, "गणपति कुठें आहे?"

गणपति नव्हता. मधोमध एका तान्ह्या बाळाचें पिवळें पडलेलें छायाचित्र होतें, आणि त्यापुढें दुधाची वाटी. मुलीनें त्या बाईंना सरळ विचारलें कीं, हें बाळ कोण? मी तिला गप्प करणार, तोंच बाई म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा. चार महिन्यांचा असतांना गेला. आज लहान मुलांचा दिवस, आज तो येईल. मोठीं माणसें उद्यां येतील." संध्याकाळच्या गाडीनें पाहुणा यावयाचा असावा, इतक्या सहजपणें त्यांनीं हें सांगितलें. मग तितक्याच सहजपणें मुलीला विचारलें, "तुमच्या घरचें कोण आहे?"

श्रोतेहो, माझे वडील त्याच्या आदल्या वर्षीं पावसाळ्यांत पुण्यास वारले. मी एकटीच विमानानें येऊन गेलें. मुलांना "आजोबा देवाघरीं गेले" एवढें सांगितलें गेलें, आपल्याकडील रीतीप्रमाणें. आणि त्यानंतर मुलीनें 'आजोबा' हा शब्द तोंडांतून काढला नव्हता. पंधरा महिने! मी समजत होतें कीं ती विसरली. त्या ओसरीवर ती म्हणाली, "माझे आजोबा आहेत. पण त्यांना इकडचा रस्ता माहीत नाहीं."

"झेंडू आहे ना?" बाई म्हणाल्या, "मग सांपडेल."

यजमानांनीं बाजारांत जाऊन मोबाईलमधल्या छायाचित्राची कागदावर प्रत काढून आणली. पूजेंत गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ ठेवावयाचे असतात. मुलगी म्हणाली, "चहा आणि चिक्की." चहाची पूड माझ्यापाशीं होती. चिक्की कोठून आणावयाची, या विवंचनेंत मी पडणार, तों कोपऱ्यावरच्या फिरत्या विक्रेत्याकडे शेंगदाण्याची चिक्की निघाली, हुबेहूब लोणावळ्याची. तिला तेथें पालान्केता म्हणतात. शेजारींच राजगिऱ्याच्या वड्याही होत्या. राजगिराही मूळचा तिकडचाच. छायाचित्र ठेवलें, चहाची कपबशी ठेवली, आणि मग मुलगी बोलूं लागली ती तास-दीड तास बोलतच होती. आजोबा संत्रें सोलतांना साल एकसंध कशी काढीत, पेपर वाचतांना कसे गुणगुणत, त्यांच्या काठीचा आवाज कसा होई. यांतलें पुष्कळसें मलाही ठाऊक नव्हतें. शेवटीं तिनें विचारलें, "आजोबा मेले म्हणजे नक्की काय झालें?" मला जेवढें ठाऊक होतें तेवढें सर्व मीं तिला सांगितलें. त्यांचें हृदय कसें थांबलें, मी कोठें होतें, कोणकोण आलें होतें, मग काय केलें. ती रडली. बाईंनीं तिला जवळ घेतलें नाहीं कीं गप्प केलें नाहीं. त्या तिच्याशेजारीं बसून झेंडूच्या देठांची निवडानिवड करीत राहिल्या. धाकटा तोंवर आजोबांची चिक्की खात होता. त्यालाही कोणीं अडविलें नाहीं.

त्याच रात्रीं आम्ही मानियाल्तेपेकच्या खाडीवर गेलों. गांवाच्या पश्चिमेस पंधरा-अठरा किलोमीटरांवर ही खाडी आहे. रात्रीचा प्रवास न करण्याचा नियम आम्हीं एवढ्यापुरता, आणि तोही गांवच्या माहितगार गाडीवाल्याच्या भरंवशावर, बाजूस ठेवला. कारण त्या खाडींतला चमत्कार अंधारांतच दिसतो, आणि दिवाळींत चंद्राची अडचण नसते. मुलांच्या मापाचीं तरंगतीं जाकिटें मिळाल्याखेरीज मी नावेंत पाय ठेवला नाहीं. नाव आडोशाला गेली, दिवा मालवला, आणि नावाड्यानें वल्हें पाण्यांत घातलें तों वल्ह्याभोंवतीं निळसर-हिरवा उजेड सांडला! मासा पळाला कीं त्याची रेघ उमटे. हा उजेड अत्यंत सूक्ष्म, एकपेशीय जीवांचा. पाणी हललें कीं त्यांच्या शरीरांत रासायनिक क्रिया होऊन ते क्षणभर चमकतात. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरही हिवाळ्यांत कधीं कधीं लाटा अशा उजळतात. धाकट्यानें हात बुडवून वर काढला, बोटांवरून ठिणग्या ओघळल्या, आणि तो ओरडला, "पाण्यांत फुलबाज्या!" त्या वर्षींची आमची दिवाळी ती.

तेथून किनाऱ्यानें पूर्वेकडे निघालें कीं ला एस्कोबियाची लांबच लांब पुळण लागते. आत जाण्यास मुक्त परवानगी नाहीं. तेथें आरमाराचा पहारा असतो, आणि तो असावाही. ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकासवें पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत येथें हजारोंच्या, कधीं लाखाच्या संख्येनें एकदम किनाऱ्यावर येऊन अंडीं घालतात. अशा सामुदायिक आगमनाच्या जगांतील सर्वांत मोठ्या जागांपैकीं ही एक. आपल्याकडील ओरिसाचा किनारा दुसरी. हींच कासवें थोड्या संख्येनें आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत वेळासला येतात. नाना फडणविसांच्या त्या मूळ गांवीं चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' संस्थेनें २००२ पासून त्यांच्या अंड्यांचें रक्षण चालविलें, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल.

थोडें पुढें मासुन्ते आणि त्याला लागून सान आगुस्तिनियो हीं गांवें. आज तीं रम्य दिसतात. एके काळीं हा कासवांचा खाटीकखाना होता. कातड्याचे जोडे व पिशव्या होत, तेल निघे, मांस विकलें जाई. आणि सारा पंचक्रोशीचा संसार त्यावर चाले. १९९० सालीं मेक्सिकोच्या सरकारनें समुद्रकासवें पकडण्यास आणि त्यांचीं अंडीं गोळा करण्यास संपूर्ण बंदी केली. निसर्गाच्या दृष्टीनें हा निर्णय थोर होता यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या हातांतला सुरा गेला, त्यानें दुसऱ्या दिवशीं काय खावें, हें हुकुमांत लिहिलेलें नव्हतें. हळूहळू मार्ग निघाले. मासुन्तेंत कासवांचें संशोधन-केंद्र उभें राहिलें, तें १९९४ पासून लोकांना पाहण्यास खुलें आहे. अनिता रॉडिक या इंग्रज उद्योजक बाईंच्या साहाय्यानें गांवकऱ्यांनीं साबण व तेलें करण्याची सहकारी संस्था काढली. कांहीं लोक पाहुणे ठेवूं लागले. ज्या हातांनीं कासवें मारलीं त्यांतले कांहीं आतां तीं राखतात.

अशाच एका राखणदाराकडे आम्ही संध्याकाळीं गेलों. साठीचा, बोटें जाड, बोलणें थोडें. अंड्यांतून नुकतीं बाहेर आलेलीं पिलें परातींत वळवळत होतीं, आपल्या पुरीएवढीं सुद्धां नाहींत. माणसाचा हात लागूं नये म्हणून त्यानें मुलांच्या हातीं करवंटी दिली. केंद्रांतल्या भिंतीवरचीं जुनीं छायाचित्रें मुलीनें दुपारींच पाहिलीं होतीं. तिनें करवंटी हातांत घेऊन त्याला विचारलें, "तुम्हीं कासवें मारलीं होतीं का?"

मी संकोचानें जमिनींत गेलें. तो मात्र खालीं बसला, तिच्या डोळ्यांशीं डोळे येतील असा, आणि म्हणाला, "हो. रोज. मी जवान होतों. त्या मजुरीवर माझीं धाकटीं भावंडें जेवलीं."

"तुम्हांला वाईट वाटलें नाहीं?"

"तेव्हां नाहीं. तेव्हां फक्त दमायला होई. आतां वाटतें." थोडें थांबून तो म्हणाला, "बंदी आली तें वर्षही फार वाईट होतें. तेंही खरें आहे."

मुलीनें मान हलविली. त्यानें सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूं शकतात, हें मोठ्या माणसांना पटवितांना किती वादविवाद करावे लागतात! तिला तो करावा लागला नाहीं.

पिलें समुद्रांत टाकावयाचीं नसतात. वाळूवर ठेवावयाचीं, आणि त्यांनीं आपल्या पायांनीं जावयाचें. मुलांनीं आपापलीं पिलें ठेवलीं. तीं निघालीं, थांबलीं, लाटेनें मागें फेकलीं गेलीं, पुन्हां निघालीं. तेवढ्यांत एक लांब पंखांचा काळा पक्षी खालीं आला आणि मुलीच्या शेजारचें एक पिलूं उचलून गेला. धाकट्याला तो खेळ वाटला; त्यानें टाळ्या पिटल्या. मुलगी पक्ष्यामागें धांवली. परत आली ती संतापानें लाल. राखणदारानें तिची समजूत घातली नाहीं. त्यानें फक्त सांगितलें कीं, एक मादी एका वेळीं शंभराच्या आसपास अंडीं घालते, आणि हजार पिलांतून एखादें मोठें होऊन परत येतें. "म्हणून ती इतकीं घालते," तो म्हणाला. मुलीनें विचारलें कीं, परत यावयास किती दिवस लागतात? दहा-पंधरा वर्षें, असें उत्तर मिळालें. तिनें बोटांवर हिशेब केला, मग उरलेलें पिलूं पाण्यांत दिसेनासें होईपर्यंत तिथेंच उकिडवी बसून राहिली. अंधार पडला तरी ती उठेना. शेवटीं यजमानांनीं तिला खांद्यावर घेतलें.

पुढचा प्रवास थोडक्यांत आटोपतें. मासुन्तेच्या पश्चिमेस ला बेन्तानिया येथें गांवकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या वल्ह्याच्या नावा आहेत. १९९७ च्या 'पॉलिन' वादळांत तेथील खारफुटीचें रान उद्ध्वस्त झालें होतें; तें लोकांनीं पुन्हां लावून वाढविलें. आरंभीं सांगितलेली मगर तेथली. तिनें खरोखरच आमच्याकडे पाहिलें. वातुल्को हें त्यापुढचें ठिकाण सरकारनें १९८० नंतरच्या दशकांत आखून-रेखून वसविलेलें. नऊ उपसागर, छत्तीस पुळणी, स्वच्छ रस्ते. मुलें पाण्यांत मनसोक्त डुंबलीं आणि आम्हां दोघांना प्रथमच दुपारची झोंप मिळाली. सांगण्यासारखें एवढेंच.

शेवटला टप्पा तेवान्तेपेकची संयोगभूमि. येथें मेक्सिकोची कंबर इतकी बारीक होते कीं, दोन समुद्रांत दोनशें किलोमीटरांचें अंतर उरतें. आणि दोन्हींकडच्या पर्वतांमधल्या खिंडींतून आखातावरचा वारा हिवाळ्यांत असा घुसतो कीं, मोठाल्या मालमोटारी उलटतात. आम्हांला मोटारीचें दार उघडवेना. या वाऱ्यावर वीज करण्याचा प्रयोग १९९४ सालीं सुरू झाला, आणि आज तेथें मैलोगणती पवनचक्क्या उभ्या आहेत. जमिनीच्या भाड्यावरून व हक्कावरून तेथील झापोतेक वगैरे लोकांचे तंटेही त्याबरोबर उभे राहिले. पेट्रोलच्या पंपावर मुलीनें काम करणाऱ्या मुलाला विचारलें कीं, या पंख्यांची वीज कोणाच्या घरीं जाते? तो म्हणाला, "बरीचशी कारखान्यांकडे. आमच्या घरचें बिल मात्र आम्हीच भरतों." तिनें माझ्याकडे पाहिलें. पाणी नसलेलें तें गांव तिला आठवलें असावें. ती कांहीं बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं डोंगर चढून आम्ही वाहाकाला परत निघालों. धाकटा सबंध वाटभर झोंपला होता, त्यामुळें त्या दिवशींचे तोपे मोजावयाचे राहिले.